धाटावचा पायलट

भारतात पायलटची नोकरी मिळवणं हा आपल्या डाव्या हातचा मळ आहे, असं मी मनिलाच्या विमानतळावर माझ्या सगळ्या बॅचला छाती पुढे काढून सांगितलं होतं. "सहा महिने! सहा महिन्यांत एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये बसले नाही, तर नावाची अक्सा नाही!"

दोन वर्षं गेली, तरी कॉकपिट नव्हतं. नाव अजून अक्साच आहे. काय करणार, आधार कार्ड बदलायचं म्हणजे पुन्हा रांग आली!

झालं असं, की फिलिपिन्सचं लायसन्स इथे चालत नाही. इथलं वेगळं काढावं लागतं. म्हणजे परीक्षा पुन्हा, डॉक्टरी तपासणी पुन्हा. हवामानाचा पेपरसुद्धा पुन्हा, जणू फिलिपिन्समधले ढग वेगळ्या जातीचे! तेही सगळं पास झाले. मग एअरलाइनवाल्यांना अर्ज केले. उत्तर एकच : "अनुभव किती?" अहो, विमानात बसू दिल्याशिवाय अनुभव आणू कुठून? रोह्याच्या बाजारात सुक्या बोंबलाशेजारी मिळतो का?

आम्ही रोह्याच्या अष्टमी गावातले. आमच्या मोहल्ल्यात माणूस परदेशातून आला की ब्लँकेट, अत्तर, खजूर घेऊन येतो आणि घरोघर वाटतो. मी आणलं लायसन्स. ते वाटायचं कसं? त्यामुळे सगळ्यांना माझ्याबद्दल जरा संशयच होता. "विमान कुठं लावलंस गो?" असं विचारून लोक आमच्या अंगणात डोकावायचे.

निडी गावची माझी मावशी, उमामा खाला, तर दर महिन्याला एक स्थळ घेऊन यायची. "पोरगा दुबईला एसी दुरुस्त करतो. विचारतोय, पोरगी ह्या विमानाचं सोडील काय?"

"त्याला विचार, तो एसी सोडील काय?"

"अमीना, बघ गो तुझ्या पोरीची जीभ!" खाला अम्मीला म्हणायची. अम्मी कपाळाला हात लावायची. अब्बा मात्र पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "अक्सा, तू अर्ज करत ऱ्हा."

मी अर्ज करत राहिले. दिवसा पेणला एका क्लासमध्ये गणित शिकवायचे. पोरं मला 'विमानबाई' म्हणायची. मी म्हणू द्यायचे, कारण निदान त्यांचा तरी विश्वास होता. एका एअरलाइनची लेखी परीक्षा पास झाले होते, आणि मुलाखतीचं 'कळवू' म्हणाले होते. ते 'कळवू' काही कळवत नव्हतं. ही भरती गेली की पुढची केव्हा निघेल, ते अल्लालाच ठाऊक!

अशातच एका दुपारी पेणचा इकबाल मामू क्लासच्या दारात आपली व्हॅन घेऊन हजर झाला. मामूची ओळख नाही असा माणूस पेण तालुक्यात नाही. आणि मामूने अर्धवट ऐकली नाही अशी बातमीही नाही!

"अक्सा, काम झालं! धाटावला कंपनीत पायलटची जागा हाय!"

"धाटावला? मामू, तिथे केमिकलचे कारखाने आहेत."

"मग? मोठ्या कंपनीचं सोताचं विमान असतंय! साहेब लोक काय रिक्षानं फिरतात व्हय? माझा दोस्त प्रविण तिथं माणसं पुरवतो. तो म्हणाला, पायलटला शिफ्टमध्ये माणूस पायजे, आणि अनुभव नसला तरी चालंल!"

अनुभव नसला तरी चालेल! हे शब्द दोन वर्षांत मी पहिल्यांदाच ऐकत होते. आंधळ्याला डोळे मिळाल्यासारखं झालं, आणि मी नेमकी आंधळ्यासारखी वागले. एक प्रश्न विचारला नाही! दुसऱ्या दिवशी पांढरा शर्ट, काळी टाय, डोक्यावर टोपी आणि खांद्यावर तीन सोनेरी पट्टे अशी मी व्हॅनमध्ये बसले.

कंपनीच्या गेटवर गोविंदा नावाचा वॉचमन होता. त्याने माझे पट्टे पाहिले, आणि खुर्चीतून असा उठला की खुर्ची एकीकडे, शिट्टी दुसरीकडे!

"मी पायलटसाठी आलेय," मी ऐटीत म्हणाले.

गोविंदाने कडक सलाम ठोकला आणि फोनमध्ये ओरडला, "साहेब, सरकारी तपासणीच्या म्याडम आल्या! डायरेक पायलट बघणार म्हणतात!"

मी काही बोलायच्या आत कारखान्यात मुंग्यांच्या वारुळावर पाणी ओतल्यासारखी धावपळ सुरू झाली. कोणी हेल्मेट शोधतंय, कोणी दुसऱ्याचं हेल्मेट ओढतंय! मॅनेजर कमळाकर साहेब शर्टाची बटणं लावत धावत आले.

"मॅडम, आधी कळवलं असतं तर..."

"कळवलं नाही तुम्हाला? प्रविणने?"

"प्रविण? तोसुद्धा तुमच्यातच आहे?" साहेबांना दरदरून घाम फुटला. "या, पायलट इकडे आहे."

ते मला एका शेडमध्ये घेऊन गेले. तिथे विमान नव्हतं. तिथे स्टीलची चारपाच पिंपं होती, त्यांना नळ्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघत छातीवर 'शिवा' असा बिल्ला लावलेला ऑपरेटर थरथर कापत उभा होता.

"हा आमचा पायलट," साहेब म्हणाले.

"हा शिवा?"

"नाही मॅडम, ही पिंपं! पायलट प्लांट! नवा माल आधी इथे थोडा करून बघतो, मग मोठ्या प्लांटमध्ये."

आता रडूच यायचं बाकी होतं. पण खांद्यावर पट्टे होते ना! पट्टे लावून रडता येत नाही. मी टाय सरळ केली आणि उगाच विचारलं, "म्हणजे इथून काहीच उडत नाही?"

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "एकदाच उडालं होतं, मॅडम! झाकण! कोणाला लागलं नाही, शेजारच्या पत्र्यावर पडलं. तुम्हाला कोणी सांगितलं?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. एअरलाइन! "मुलाखतीचं पॅनेल मोकळं झालंय. तुम्ही आत्ता व्हिडिओवर येऊ शकता का? नाहीतर पुढच्या भरतीत बघू."

पुढच्या भरतीत? मेले तरी नाही!

"साहेब, शांत खोली द्या! आत्ताच्या आत्ता!"

साहेबांनी मला धावत कंट्रोल रूममध्ये नेऊन बसवलं आणि दार ओढून घेतलं. मी फोन टेबलावर उभा केला. पडद्यावर एक मिशीवाले कॅप्टन आणि चष्मा लावलेल्या एक मॅडम आल्या. बोलणं सगळं इंग्रजीत झालं, तुमच्यासाठी मराठीत सांगते.

कॅप्टनने माझ्यामागची काटे आणि दिव्यांची भिंत पाहिली. "तुम्ही सिम्युलेटरमध्ये बसलाय का?"

"नाही सर. धाटावमध्ये."

त्यांनी बहुतेक ते नव्या विमानाचं नाव समजून मान डोलावली. "सांगा, आगीचा अलार्म वाजला तर पहिल्यांदा काय कराल?"

आणि भोंगा वाजला! खराखुरा! टेबलावरचा फोन थरथरू लागला, कॅप्टनच्या मिशा थरथरू लागल्या.

"हा आवाज कसला?"

"अलार्म आहे सर. आधी खरा की खोटा ते बघते, मग उत्तर देते."

मी दार उघडलं. अख्खी कंपनी आवारात रांगेत उभी!

"शिवा! आग हाय का नाय?"

"नाय म्याडम! तुम्हाला सराव दाखवायला वाजवला!"

"बंद कर! माणसं मोज, आणि सगळ्यांना कामावर पाठव!"

भोंगा थांबला. मी परत खुर्चीत बसले. "खोटा अलार्म, सर. सगळे सुखरूप आहेत." कॅप्टन खाली वाकून काहीतरी लिहू लागले.

मग चष्म्यावाल्या मॅडम म्हणाल्या, "दोन वर्षं तुम्ही जमिनीवरच आहात. दुसरं काही करावं असं वाटलं नाही?"

दोन वर्षं हाच प्रश्न! खालाकडून, शेजाऱ्यांकडून, आता हिच्याकडूनही! माझं डोकंच तापलं.

"मॅडम, माझ्यासाठी तो विचार सगळ्यांनी केला. मी नाही केला. तुम्ही आज घेतलं नाही तर मी पुढच्या भरतीला येईन. तेव्हाही नाही घेतलं तर त्याच्या पुढच्या. तुम्ही रिटायर व्हाल मॅडम, तरी मी अर्ज करत असेन!"

पडदा काळा झाला. मेली नोकरी! पण खरं सांगते, जिवाला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

बाहेर कमळाकर साहेब हात जोडून उभे. "मॅडम, रिपोर्टमध्ये काय लिहिणार?"

"रिपोर्ट कसला? मी नोकरीला आले होते."

साहेब मटकन स्टुलावर बसले. "मग मी ते झाकणाचं कशाला बोललो!"

 परत येताना कुंडलिका नदीच्या पुलावर मामू एवढंच म्हणाला, "पण पायलट तर होता ना? मी खोटं नाय बोललो."

पुढच्या आठवड्यात एअरलाइनचा फोन आला. सिम्युलेटरच्या चाचणीला बोलावलं होतं. तीही पार पडली, ट्रेनिंग पार पडलं, आणि या ईदला मी खरीखुरी फर्स्ट ऑफिसर होऊन घरी आले. अब्बांनी पेपर बाजूला ठेवला. आमच्या घरात याला मिरवणूक म्हणतात! अख्खा मोहल्ला शिरखुर्म्याच्या वाट्या घेऊन माझ्याभोवती बसला.

"येवढं मोठं विमान तू एकटी चालवतेस?" उमामा खालाने विचारलं.

"दोघं असतो, खाला. कॅप्टन डावीकडे बसतात, मी उजवीकडे."

"उजवीकडे! म्हंजे स्टेअरिंग हिच्याकडंच!" खाला हरखली. सगळीकडे माशाल्ला, माशाल्ला झालं. मीही विनयाने मान खाली घातली. ईदच्या दिवशी कोणाचं अज्ञान कशाला काढायचं?

मामूने वाटी खाली ठेवली. "मी कुवेतला ट्रेलर चालवलाय. तिथं डावीकडं बसतो तो ड्रायव्हर." त्याने माझ्याकडे बोट केलं. "उजवीकडं बसतो तो क्लीनर!"

 खालाने माझ्या पाठीवरून मायेने हात फिरवला.

"असूं दे गो. काच तरी नीट पुसतेस ना?"