सामूहिक काम परवाच झालं

तीस डिसेंबरला, म्हणजे क्वान्झा या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या सणाच्या पाचव्या दिवशी, क्लीव्हलंडमधल्या आमच्या गल्लीत ओडेसा आत्याच्या दारापुढच्या पायऱ्यांवर बर्फाचा दगड झाला होता. डायलिसिसला नेणारी गाडी दोन वाजता येणार होती. निसरड्या पायऱ्या चढायची चालकाला परवानगी नाही, तो खाली पाच मिनिटं थांबून निघून जाईल, असं दवाखान्याने छापील कागदावर अत्यंत नम्रपणे कळवलं होतं. मागची खेप अशीच हुकली होती. आत्याचे पाय सुजून टम्म झाले होते आणि तिला धड दमही पुरत नव्हता.

चौघांना अर्ध्या तासाचं काम, एकट्याला दोन तासांचं. म्हणून तिचा भाचा लुशियस गॅडी, निवृत्त टपालवाला, बाराच्या ठोक्याला शेजारच्या सभागृहात माणसं मागायला गेला. आत मोहल्ल्याचा क्वान्झा चालला होता: सात दिवस, रोज एक तत्त्व आणि एक मेणबत्ती.

"हबारी गानी?" दारातल्या बाईने स्वाहिलीत 'काय खबर' विचारत अडवलं.

"निया," लुशियस म्हणाला. निया म्हणजे जगण्याला हेतू असणं. आजचं तत्त्व तेच होतं आणि ते सांगितल्याशिवाय आत सोडत नव्हते.

"ताई, चार माणसं द्या," आत शिरताच त्याने समितीच्या अध्यक्षा व्हर्डेल पिंकस्टन यांना गाठलं. "आत्याच्या पायऱ्यांवरचा बर्फ फोडायचाय."

त्यांनी कार्यक्रमपत्रिका उघडली. "अरे, हे तर सामूहिक काम! ते तिसऱ्या दिवसाचं तत्त्व. परवाच झालं. काय सुंदर झालं! तू रताळ्याची गोड पाई खाल्लीस ना?"

"बर्फ आज पहाटे पडलाय, ताई."

"त्याला समिती काय करणार? आता पुढच्या डिसेंबरात बघू."

खजिनदार थिओफिलस यांना दया आली. खास बाब म्हणून एकजूट उपसमितीची शिफारस आणा, म्हणाले. पण ती उपसमिती पहिल्याच दिवशी फुटली होती आणि दोन्ही गट एका खोलीत बसायला तयार नव्हते.

"जाऊ द्या हो, मीच फोडतो."

"एकटा?" व्हर्डेलताई हबकल्याच. "सामूहिक काम एकट्याने? लोक काय म्हणतील! आणि तू गेलास तर आजची मेणबत्ती कोण लावणार?"

इथे गाडं अडलं. तीन वर्षं खुर्च्या उचलल्यावर कुठे लुशियसचा नंबर लागला होता. त्याने मुद्दाम नवा कोट शिवून घेतला होता. मेणबत्तीला असा कितीसा वेळ लागतो, दोन मिनिटं! लावतो आणि पळतो, असं त्याने स्वतःला बजावलं.

आधी पूर्वजांची नावं घेऊन पाणी वाहिलं गेलं. पूर्वज पुष्कळ होते. मग 'हेतूविना आयुष्य' यावर एका गृहस्थांनी चाळीस मिनिटं हेतूविना भाषण केलं. लुशियस घड्याळ बघत होता. पण पहिल्या रांगेतून उठायचं कसं? दोनला दहा कमी असताना मेणबत्ती लागली. तो वळतो तोच हातात कार्ड आलं. प्रत्येकाने आपल्या जगण्याचा हेतू लिहायचा होता.

लुशियसने अगदी पोटतिडकीने लिहिलं, 'माझ्या म्हाताऱ्या आत्याची सेवा.' व्हर्डेलताईंनी ते मोठ्याने वाचलं. बायकांनी डोळे पुसले. सर्वोत्तम हेतूचं बक्षीस लुशियसला मिळालं. फोटो काढताना बाहेर गाडीचा भोंगा तीनदा वाजला. "हलू नकोस," फोटो काढणारा म्हणाला, आणि लुशियस हलला नाही.

सव्वादोनला आत्याचा फोन आला. "लुशियस, गाडी गेली रे. तिथे टाळ्या कसल्या वाजतायत?"

"तुझ्यासाठीच गं, आत्या," तो म्हणाला. "इथे सगळ्यांना तुझी फार काळजी वाटतेय."

"मग कुणी येतंय का?"

तुम्हालाही एव्हाना तिची काळजी वाटू लागली असेल. छान. बसा, बक्षीस समारंभ अजून संपलेला नाही.