काळ्यापांढऱ्या अळंब्या

"त्या अळंब्या खाल्ल्या नाहीत ना?"

सिक्स्टेनचा हा निरोप फोल्केच्या फोनवर आला तेव्हा घरात नाश्ता चालला होता. खाल्ल्या होत्या. काल संध्याकाळी, लोण्यात परतून, वर साय घालून, तिघांनी पातेलं अगदी पुसून खाल्लं होतं.

सिक्स्टेन म्हणजे फोनवर काळेपांढरे फोटो कसे काढावेत, हे दर मंगळवारी शिकवणारा मास्तर. गावातला अळंबीचा जाणकारही तोच. फोल्केनं सासूबाईंच्या टोपलीचा फोटो मोठ्या हौसेनं वर्गाच्या ग्रुपवर टाकला होता. रंग काढून टाकलेले, खिडकीतून तिरपा उजेड, त्यावर लाल फिल्टर, कोपऱ्यात छान काळीभोर सावली. आता वाहवा होईल म्हणून बसला होता बिचारा.

दुसरा निरोप आला. "सावली झकास. पण देठ पिवळे नसतील, तर या खायच्या नरसाळ्या अळंब्या नव्हेत, तशाच दिसणाऱ्या विषारी आहेत. मूत्रपिंडं जातात. त्रास दोन-चार दिवसांनी सुरू होतो, म्हणून आत्ताच फोन कर."

फोल्केच्या बायकोनं, एलिननं, कप खाली ठेवला. विषबाधा केंद्राला फोन लागला.

"देठांचा रंग कोणता होता?" तिकडून बाईंनी विचारलं.

"राखाडी," फोल्के म्हणाला.

"आणि टोप्या?"

"त्याही राखाडी. जरा गडद."

"अरे, फोटो राहू दे," एलिन म्हणाली. "काल टोपली तुझ्यासमोर होती. मी आले तेव्हा सगळं सायीत बुडालेलं. तू डोळ्यांनी बघितलंस ना?"

"मी उजेड बघत होतो," फोल्के म्हणाला.

एलिननं कपाळावर हात मारला. टोपली धुऊन झाली होती आणि देठांचा कचरा सकाळीच गाडी घेऊन गेली होती. तिनं आईकडे मोर्चा वळवला. गुन्वोरबाई शांतपणे पावाला लोणी लावत होत्या.

"आई, कुठून आणल्यास?"

"जंगलातल्या माझ्या जागेवरून."

"ती कुठे आहे?"

"ते विचारायचं नाही."

आमच्याकडे माणूस एक वेळ पगार सांगेल, पण अळंबीची जागा पोटच्या पोरीला सांगणार नाही. गुन्वोरबाईंना ती त्यांच्या आईनं मरणाच्या दारात सांगितली होती.

"आई, आपण तिघंही मरू गं," एलिन म्हणाली.

"कोणी मरत नाही. खा."

फोल्के तो राखाडी फोटोच मोठा करकरून बघत होता. रंग एकदा काढला की गेला, अशी त्याची पक्की समजूत होती. तेवढ्यात फोनवरच्या बाई म्हणाल्या, "फोटो उघडा. बदल रद्द करायचं बटण असतं, मूळ फोटो परत येतो. तो पाठवा."

गुन्वोरबाईंची सुरी थांबली. "कशाला उगीच त्या बाईंना त्रास," त्या म्हणाल्या. आज पहिल्यांदाच त्या घाबरलेल्या दिसल्या.

फोल्केनं बटण दाबलं. देठ पिवळेधमक होते. त्याला रडूच यायला लागलं. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या त्या काळ्याभोर सावलीकडे गेली. ती सावली नव्हती. देठाला चिकटलेली निळी चिठ्ठी होती ती. लाल फिल्टरनं निळं सगळं काळं करून टाकलं होतं. आता चिठ्ठीवर चौकातल्या सुपरमार्केटचं नाव, वजन आणि कालची तारीख स्वच्छ वाचता येत होती.

"काय दिसतंय?" एलिननं विचारलं.

फोल्केनं सासूबाईंकडे बघितलं. त्या लोण्याच्या डबीकडे बघत होत्या. टेबलाला त्यांची काठी टेकलेली होती. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले तेव्हापासूनची.

मंगळवारच्या वर्गात फोटोची कड कापायलाही शिकवलं होतं. त्यानं कोपरा कापला आणि फोटो पाठवला.

"नरसाळ्याच आहेत," बाई म्हणाल्या. "निर्धास्त राहा."

"आईंची जागा भरवशाची आहे," फोल्के म्हणाला. एलिन आईच्या गळ्यात पडून रडली आणि मग तोंड धुवायला गेली. फोल्केनं मूळ फोटो पुन्हा काळापांढरा करून टाकला.

गुन्वोरबाईंनी लोणी लावलेला पाव त्याच्या ताटात ठेवला.

"शनिवारी चल माझ्याबरोबर, जागा दाखवते," त्या हळूच म्हणाल्या. "एलिनला बोलू नकोस. आणि उशीर करू नकोस, नऊला उघडते."