घोरपडीचं घर आणि मेथीचा वाफा

एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या मॉरिसव्हिल गावात घोरपडीच्या घराबद्दल माझ्याइतकं ज्ञान दुसऱ्या मराठी माणसाला नाही! दोन महिने अभ्यास केलाय मी. चार फुटी घोरपडीला आठ फूट लांब, चार फूट रुंद पेटी लागते, आणि पेटीत दोन फूट माती. तीही कशी? वाळू मिसळलेली, दमट, बीळ खणलं तर ढासळणार नाही अशी. चौसष्ट पोती मी एकट्याने वाहिली. पेटी गॅरेजमध्ये गेली, गाडी अंगणात आली आणि बायको, म्हणजे चारुता, म्हणाली, "यशोधन, माझी गाडी परत आत येईपर्यंत मी त्या गॅरेजमध्ये पाऊल टाकणार नाही!"

हा सगळा खटाटोप डेझीसाठी. मालकाने सोडून दिलेली घोरपड. सरपटणाऱ्या प्राण्यांना घर मिळवून देणाऱ्या एका संस्थेत आमच्या बारा वर्षांच्या रुहीने तिला पाहिलं आणि घरी येऊन जेवेचना. आधीच्या मालकाने डेझीला छोट्या काचेच्या टाकीत भुशावर ठेवलं होतं. आयुष्यात एकदाही तिला बीळ खणायला मिळालं नव्हतं! खरं सांगतो, ते ऐकून मलाही भरून आलं. पण डेझी मिळण्याआधी संस्थेच्या डोनाबाई घर तपासायला येणार होत्या. त्या नाही म्हणाल्या तर डेझी दुसऱ्या कुणाची.

अडचण एकच. सासूबाई! सहा महिन्यांसाठी नागपूरहून आलेल्या. स्वयंपाकघरात पाल दिसली म्हणून एकदा दोन दिवस शेजारी मुक्काम ठोकलेल्या. त्यांना घोरपड कशी सांगायची?

"यशोधनराव, एवढी माती कशाला?" त्यांनी विचारलंच.

"रुहीचा सायन्स प्रोजेक्ट आहे, आई."

रुहीने माझ्याकडे असं पाहिलं की मीच शरमलो. "बाबा, दॅट्स अ लाय," ती नंतर म्हणाली.

"डेझी येईपर्यंत आजीला काहीही सांगायचं नाही. कळलं?"

"फाइन!"

आणि मी ऑफिसच्या कामासाठी बारा दिवस बेलव्ह्यूला निघून गेलो. मला कसली काळजी? उन्हासाठी दिवे लावलेले, दमटपणासाठी फवाऱ्याचं यंत्र, आणि मातीत खुपसलेला सेन्सर मला दर पंधरा मिनिटांनी फोनवर आकडे पाठवणार! आकडे तरी काय सुरेख यायचे! रोज सकाळी पावणेसातला दमटपणा अलगद वर, मग दिवसभर स्थिर. एकही दिवस चुकला नाही. मी तो आलेख मीटिंगमध्ये दाखवला. "मी लिहिलेला प्रोग्रॅम आहे, यार," असंही म्हणालो. डोनाबाईंनाही पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "इतकी उत्तम राखलेली माती मी वर्षानुवर्षांत पाहिली नाही!" मी ते बायकोला फॉरवर्ड केलं. तिने अंगठाही पाठवला नाही.

परतलो त्याच सकाळी तपासणी होती. विमानतळावरून येऊन मी टॅक्सीतून बॅगेसकट उतरतोय, तोच डोनाबाईंचा ट्रक दारात. थेट गॅरेजमध्ये गेलो. "पाहा!" म्हणत मी ऐटीत पेटीकडे हात केला.

पेटीत शेत होतं! चार-चार बोटं उंच, हिरवीगार मेथी, ओळीने! कोपऱ्यात कोथिंबीर! आणि पेटीत वाकून, हातात तांब्या घेऊन, सासूबाई!

"आलात? बघा, कशी तरारली आहे!" त्या म्हणाल्या. "पोरीचा प्रोजेक्ट नुसताच मातीचा. काही उगवेना बिचारीचं. म्हटलं, आजी कशाला आहे?"

"रुही!" मी ओरडलो.

"बाबा, यू सेड डोन्ट टेल आजी एनीथिंग. सो आय डिडन्ट."

"आणि फवाऱ्याचं यंत्र?"

"ते फुसफुसणारं होय?" सासूबाई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी प्लग काढला. तिथे मी फोन चार्ज करते. पाणी रोज अंघोळ झाली की हाताने घालते. पावणेसातला."

डोनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. ओरडा ऐकून चारुता प्रतिज्ञा मोडून गॅरेजमध्ये आली होती. आता ती भिंतीला टेकून हसत होती.

डोनाबाईंनी मूठभर माती उचलली, दाबली. लाडू झाला. बोटाने टोचलं, भोक पडलं, पण लाडू फुटला नाही. मग त्यांनी वही काढली. "शेवटचा प्रश्न. प्राण्याबद्दल घरातल्या सगळ्यांना माहीत आहे ना?"

"ॲनिमल? कोणता प्राणी?" तेवढा एक इंग्रजी शब्द पकडून सासूबाईंनी विचारलं.

संपलं! रुहीने माझा हात घट्ट धरला. तिचे डोळे भरले होते. आता आणखी खोटं बोलायची माझी हिंमतच नव्हती. "आई, चुकलो मी. ही पेटी घोरपडीसाठी आहे. चार फुटी."

सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला. "भिंतीवर चढते?"

"नाही. माती खणते."

"अंगावर पडते?"

"नाही."

"मग ती पाल थोडीच आहे! माझ्यापासून लपवलीत कशाला? आमच्या शेताच्या बांधावर होत्या की घोरपडी! ही खाते काय?"

"झुरळं, किडे, अंडी."

"मेथी?"

"नाही, आई."

"मग येऊ दे बिचारीला! पण आधी मी भाजी खुडणार. आणि मला अंगणात माझा वेगळा वाफा भरून पाहिजे. एवढाच!"

रुही किंचाळून आजीच्या गळ्यात पडली. डोनाबाईंना मराठीचं एक अक्षरही कळलं नव्हतं, पण त्यांनी हसून डोळे पुसले आणि फॉर्म भरायला घेतला. पेटी, मंजूर. माती आणि पाणी, जबाबदारी शैलजाआजी. खाणं, रुही. कागदपत्रं, चारुता.

"आणि मी?" मी विचारलं.

डोनाबाईंनी बराच विचार केला. पेन दोनदा टेकवून दोनदा उचललं. शेवटी त्यांनी माझ्या नावापुढे लिहिलं, 'वजन उचलू शकतो.'

डेझी गुरुवारी आली. अर्ध्या तासात तिने आयुष्यातलं पहिलं बीळ खणलं. शेपूट आत गेली तेव्हा रुही आणि आजी टाळ्या वाजवत होत्या म्हणे. मला ते पाहता आलं नाही. मी दुकानात होतो. सासूबाईंच्या वाफ्यासाठी दुसरी चौसष्ट पोती आणायला!