दोन डोक्यांचा मोर आणि तीन सह्या

समोरच्या माणसाने सकाळी शेंगाचटणी खाल्ली की जवसाची, हे मी, अण्णाराव, त्याच्या जांभईवरून सांगतो. एकदाच चुकलो. पण तो माणूस जांभई देत नव्हता, मला हसत होता. पोटासाठी मी दाजी पेठेतल्या एका चादरीच्या कारखान्यात तपासनीस आहे. हाडाचा मात्र गुप्तहेर. एवढी बुद्धी सोलापुरात वाया जाते याचं मला वाईट वाटतं. इतर कुणालाच वाटत नाही, याचं जास्त वाटतं.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. एका सोमवारी मालक चनबसप्पांनी माझ्या टेबलावर चादर आपटली. चादरीवरच्या मोराला दोन डोकी होती. एकावर एक. खालचं उजवीकडे बघत होतं, वरचं डावीकडे.

"अशा सहा निघाल्यात," मालक म्हणाले. "बिरप्पानं मुद्दाम केलंय. दुपारच्या भोंग्यापर्यंत दुसरं काय सापडलं तर सांग. न्हाय तर त्याला घरी बसवतो."

बिरप्पा आमचा विणकर, अठरा वर्षं एकाच मागावर. तो टोपी हातात घेऊन दारात उभा होता. त्याचा चेहरा बघून मला गलबलून आलं. पण गुप्तहेराने गलबलायचं नसतं, म्हणून मी भिंग काढलं.

मागावर नक्षी उठते ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांमुळे. एक कार्ड म्हणजे नक्षीची एक ओळ. भोक असेल तिथला धागा उचलायचा, नसेल तिथे गप्प बसायचं. माग स्वतःचं डोकं चालवत नाही. आमच्या ऑफिसात तो सहज खपून गेला असता. अशी सहाशे कार्डं दोऱ्यात ओवून माळ करतात. मैंदर्गीच्या एका व्यापाऱ्याला मोराने उजवीकडे बघायला हवं होतं, म्हणून आमच्या नक्षी काढणाऱ्या सिद्धनाथ मास्तरांनी नव्या डोक्याची चाळीस कार्डं पाडली. नवी कार्डं माळेत जाण्याआधी चिठ्ठीवर 'तपासले' म्हणून तीन सह्या लागतात: मास्तरांची, माझी आणि मालकांची. तिन्ही होत्या. माझी तर फारच झोकदार.

म्हणजे कार्डांत चूक असणं शक्य नव्हतं, कारण खाली माझी सही होती. तर्कशास्त्र यालाच म्हणतात.

मी मागाभोवती तीन फेऱ्या मारल्या. "उंदीर!" मी जाहीर केलं. "उंदरांनी कार्डं कुरतडून जादा भोकं पाडली."

"चोचीसकट डोकं काढलं उंदरानं?" मालक म्हणाले. "मग मास्तरच्या जागी त्यालाच घ्यू की."

"तर मग शत्रूचा हेर. काल मागाला तेल घालणाऱ्याची मिशी खोटी होती."

"त्यो माझा मेव्हणा हाय."

उरला बिरप्पा. मी त्याच्यावर भिंग रोखलं. "दोन डोकी दिसली, तरी माग थांबवला का नाहीस?"

"दिसली की," बिरप्पा म्हणाला. "पर चिठ्ठीवर तीन सह्या हुत्या. म्हणलं, तीन शिकल्याली मानसं म्हणत्यात तर आसंल दोन डोक्याचा मोर. मी कोन न्हाय म्हननार?"

"कबुली!" मी ओरडलो. भोंग्याला दहा मिनिटं होती. बिरप्पाने टोपी डोक्यावर घातली आणि आपला डबा उचलला.

"त्याला कुटं घालवताय?" कोपऱ्यातून रंभाबाई म्हणाल्या. कार्डं ओवायचं काम त्यांचं. अक्षरओळख नाही, पण भोकांवरून बोट फिरवून मोर कुठला आणि फूल कुठलं ते सांगतात. "जुनं डोकं काढलंच न्हाय. नवं घाला म्हणलात, मी घातलं. जुन्याचं काय करू म्हणून इचारलं, तर मास्तर म्हणले, सह्या झाल्यात, तू ओव."

मालकांनी मागाशी उभ्या मास्तरांकडे बघितलं.

"मी केली सही," मास्तर म्हणाले, "कारण पुढे अण्णाराव तपासणारच होते."

"मी केली," मी म्हणालो, "कारण मागे मास्तरांनी तपासलंच होतं."

आता मालकांकडे बघायची पाळी होती. कुणीच बघितलं नाही. सगळे चादरीकडे बघत राहिलो. मला लाज वाटली. खरंच वाटली. किती वेळ, ते विचारू नका.

गिरणीचा भोंगा झाला. बिरप्पाने डबा उघडला आणि मागाशेजारीच जेवायला बसला. त्याची माफी मागावी असं कुणाला सुचलं नाही. मालकांना सुचला तो नवा नियम: यापुढे चिठ्ठीवर चार सह्या. चौथी रंभाबाईंची हवी होती. पण त्यांना सही येत नाही आणि चिठ्ठीवर अंगठ्याला जागा नव्हती. म्हणून चौथीही मीच करायची ठरली, 'विशेष तपासनीस' म्हणून.

तासाभरात जुनी चाळीस कार्डं काढून माळ पुन्हा मागावर चढली. मी दोन्ही सह्या ठोकून चिठ्ठी स्वतः बिरप्पाच्या हातात दिली. त्याने ती न उघडता घडी घालून तेलाच्या डब्याखाली सारली, आणि मान वळवून रंभाबाईंना हाक मारली, "मावशे, माळ तू बगितलीस का?"

"बगितली."

मग त्याने माग चालू केला.