ढगोबाची हलकी खुर्ची

कारखान्यात सगळे त्याला ढगोबा म्हणत, कारण त्याचे पाय जमिनीला क्वचितच टेकत. बादल्यांना कड्या बसवता बसवता त्याने मनात एक खुर्ची पाहिली होती. तागाचे धागे प्लास्टिकमध्ये दाबून केलेली, एका बोटावर उचलता येईल इतकी हलकी! "या खुर्चीवर खुशाल हत्ती बसवा, साहेब!" असं तो मालकांना छातीठोकपणे सांगून आला.

"हत्ती कशाला, मीच बसतो," मालक म्हणाले. "टिकली तर खुर्च्यांचा नवा विभाग तुमचा. मोडली तर पुन्हा कड्या!"

ढगोबाला त्या कड्यांचा अगदी वीट आला होता. त्याने धागे घरी आणले, गच्चीत कडकडीत वाळवले आणि जेवणाच्या टेबलावर मुद्दाम आडवेतिडवे विस्कटून पसरले. असे पसरले की खुर्चीला सगळ्या बाजूंनी बळ येतं. मग सोफ्यावर टेकल्या टेकल्या त्याचा डोळा लागला. स्वप्नात गावभरच्या खुर्च्या अलगद तरंगत होत्या, आणि त्यांच्यावर बसलेली माणसं एकमेकांना हात करत होती. कुणाला कुठे पोचायची घाई नव्हती. इतकं सुख त्याला जागेपणी कधी लाभलं नव्हतं.

सकाळी टेबलावर धाग्यांचं नीटनेटकं गाठोडं तयार होतं. बायकोनेच बांधलं असणार, गुणाची ती! कारखान्यात त्याने ते सोडून साच्यात पसरलं, तेव्हा त्याची नजर खिडकीबाहेरच्या एका गुबगुबीत ढगावर होती. मंद सुवास आला. तो त्याला यशाचा वाटला.

दुपारी मालक ऐटीत खुर्चीवर बसले. क्षणभर खुर्ची टिकली. मग कर्रर्र! खुर्ची शेंगेसारखी उभी उकलली, मालक धपकन खाली, आणि त्यांच्या मांडीवर लांबसडक, तुकतुकीत धाग्यांचा झुबका! प्लास्टिक त्याला चिकटलंच नव्हतं.

ढगोबाने घरी फोन लावला. तो उचलला मुलीकडे राहायला आलेल्या सासूबाईंनी.

"आई, टेबलावरच्या धाग्यांना कोणी हात लावला होता का?"

"मीच की! अहो जावईबापू, केवढा तो गुंता! चांगलं तेल चोळलं, सरळ विंचरलं, तेव्हा कुठे सुटला. मऊ झालेत ना?"

सासूबाईंचा आवाज असा खणखणीत की खोलीभर ऐकू गेला. ढगोबाचं तोंड एवढंसं झालं.

मालक जमिनीवरच बसून होते. एक हात त्या झुबक्यावरून, दुसरा स्वतःच्या तुळतुळीत टकलावरून फिरवत ते म्हणाले, "उद्यापासून कड्या! पण फोन ठेवू नका. आधी त्यांना विचारा, तेल कुठलं?"