ऑर्म्सबीसाहेबांचं गाव

इथं परदेशात, हॅमिल्टनमध्ये मला खोली दिली ती ऑर्म्सबीसाहेबांनी. हे नाव आधी घेऊन ठेवतो, कारण पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल, ज्याच्या घरात राहतोय त्याचीच हा टिंगल करतोय. तसं नाही. त्यांचे उपकार आहेत माझ्यावर. पण माणूस संशयी, आणि किती संशयी ते सांगितल्याशिवाय उपकार कळायचे नाहीत.

त्यांचा सगळा भरवसा आडनावावर. कुणी नाव सांगितलं की लगेच विचारणार, "व्हेअर्स दॅट, देन?" म्हणजे हे गाव आलं कुठं? आडनावात गाव असेल तर माणूस बरा. स्मिथ, कुक ही कामाची आडनावं. "काम सुटलं की हा कोण?" विल्यमसन म्हणजे विल्यमचा मुलगा. "पुरावा काय?" कोपऱ्यावरच्या डेअरीचा मालक पटेल. पटेल हे गाव नसून हुद्दा आहे हे कळल्यापासून साहेब त्याच्याकडच्या दुधाची बाटली दुकानातच उजेडाकडे धरून झाकण तपासतात. तो बिचारा आता त्यांना दिव्याखाली जागा करून देतो.

मी नववीत शाळा सोडलेला. इथं एका रेस्टॉरंटमध्ये तंदूर सांभाळतो. मालकाने झोपायला दिलेली मागची खोली त्याच्या मेव्हण्याला हवी होती, आणि माझी हमी घेणारं कुणी नाही म्हटल्यावर दुसरीकडे खोली मिळेना. साहेबांच्या खिडकीत पाटी दिसली. भीत भीत बेल वाजवली. नाव सांगितलं, दत्ता बोरगावकर.

"व्हेअर्स दॅट, देन?"

"बोरगाव. माझं गाव."

"तू स्वतः तिथला?"

"तिथंच जन्मलो."

त्यांनी नकाशांचं जाड पुस्तक आणि भिंग काढलं. आता आपल्याकडे बोरगावं काय थोडी आहेत? त्यांनी भिंग माझ्याकडे वळवलं. "यातलं तुझं कुठलं?" मी नदीकाठी बोट ठेवलं. खोली मिळाली, पण एका अटीवर. गाव खोटं निघालं की बॅग रस्त्यावर.

तेव्हापासून रोज चहाला माझी उलटतपासणी. नदी कुठल्या अंगाला? देवळाचं दार कुणीकडे? पिंपळाच्या पारावर कोण कोण बसतं? चार दिवसांनी तोच प्रश्न उलटा.

"न्हाव्याचं दुकान देवळाच्या डावीकडे म्हणालास ना?"

"उजवीकडे, साहेब."

"हं."

त्या 'हं'ला मी फार भ्यायचो. किचनमधला सुरेश मुंबईचा. तो म्हणाला, "दत्ता, सांभाळ. म्हातारा इमिग्रेशनचा माणूस असणार. एवढी चौकशी तर माझ्या सासऱ्यानेही केली नव्हती." माझं कामाचं परमिट अजून लटकलेलं. माझी झोपच उडाली. म्हातारा मला बघत होता, मी म्हाताऱ्याला.

स्वतःच्या आडनावावरही त्यांचा विश्वास नव्हता. 'बी' म्हणजे जुन्या डेन लोकांच्या बोलीत गाव. ऑर्म नावाचा कुणी बोटीतून इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला, जमीन बळकावून बसला, ते झालं ऑर्म्सबी. "चोरच असणार तो," साहेब म्हणायचे. "बोटीने आलेल्यांवर नजर ठेवावी."

"पण तुम्हीसुद्धा बोटीनेच आलात ना?"

"म्हणून तर सांगतोय."

पुढचंही त्यांनीच समजावलं. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार? गाव सोडून दुसरीकडे गेला, की तिथले लोक त्याला ते नाव चिकटवतात. मला पटलं. बोरगावात मला कुणी बोरगावकर म्हणत नाही.

एकदा त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई आपल्या पुण्याच्या, कुलकर्णी. साहेबांचा प्रश्न ठरलेला. बाई हसून म्हणाल्या, "गाव नाही हो ते. गावाचा हिशेब ठेवायचं काम."

साहेबांनी वर केलेली बाही खाली केली. "मी ब्लडप्रेशर बघायला आलोय, ऑडिट करून घ्यायला नाही."

बाई मला म्हणाल्या, "बोरगावकर, आता तुम्हीच समजवा यांना." बाईंचं मूळ गाव विचारून ते मी साहेबांना सांगितलं, तेव्हा कुठे दंड पुढे आला.

मग आईचा फोन झाला. बोलता बोलता म्हणाली, "पारावरचा पिंपळ पाडला रे. रस्ता रुंद करायचाय म्हणे." आणि नेमकं त्याच संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "पारावर सावली केव्हा येते?"

आहे म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर आधीच्या जबानीशी जुळेना. म्हटलं, "सावली नाही. झाडच नाही."

"काल होतं."

"पाडलं."

कप खाली ठेवून ते आत गेले. मी समजायचं ते समजलो. कपडे बॅगेत भरले. सुरेशला फोन केला, तर म्हणाला, "ये. फ्रीजच्या बाजूला एक माणूस मावतो."

दारावर टकटक झाली. साहेबांनी बॅगेकडे पाहिलं, पण विचारलं भलतंच. "मग ती पारावरची माणसं आता बसतात कुठं?"

"माहीत नाही, साहेब."

"आईला विचार ना." ते माझ्या कॉटवर टेकले. गुडघे चोळत म्हणाले, "मी ऑर्म्सबीच्या चर्चच्या पायरीवर सापडलो. तान्हा. नाव काय लावायचं, तर गावाचं लावलं. मग अनाथाश्रम, मग बोट. ते गाव मी पाहिलेलंच नाही. पाहायच्या वयाचा नव्हतो."

मी एवढंच विचारलं, "मग बोरगावचं रोज कशाला विचारत होता?"

"तू सांगायचास, मी मनात तिथं जाऊन बसायचो," ते म्हणाले. "त्या झाडाखालीच बसायचो."

मग उठून त्यांनी माझी बॅग उचलली आणि कपाटावर टाकली.

इतके दिवस त्यांनी मला गाव, नदी, देऊळ सगळं विचारलं. तुझे वडील कोण, हे एकदाही नाही. आमच्या गावात मात्र नवा चेहरा दिसला की पहिलं तेच विचारतात, कोणाचा रे हा? माझं परमिटचं नीट मार्गी लागलं की साहेबांना एकदा बोरगावला नेणार आहे. एसटीतून उतरता उतरताच कुणीतरी विचारणार. त्यांना तोंड उघडायची वेळ येऊ देणार नाही. मीच सांगेन, आमचा आहे. तेवढं तरी फेडायचंय मला.