दोन याद्यांचं टपाल

छापखान्याच्या मालकीणबाईंनी एवढंच सांगितलं होतं, की आपल्या अकरा माणसांना आपली स्वतःची ईमेल हवी. मुलगी आणि जावई दोघंही कॉम्प्युटरवाले. सर्व्हर एका दिवसात उभा राहिला. माणसांची नावं आणि पासवर्ड कुठे ठेवायचे, यावर मात्र तीन आठवडे गेले.

"साधी फाईल पुरे," मुलगी म्हणाली. "अकरा ओळी तर आहेत!"

"उद्या अकराशे झाले तर?" जावयाला भक्कम डेटाबेस हवा होता.

"अकराशे बसवणार कुठे? कागदाच्या रिमांवर?"

जेवतानाही तेच. शेवटी मालकीणबाईंनी ताट सरकवलं. "दोन्ही ठेवा, पण मला दोन घास सुखानं खाऊ द्या!"

म्हणून दोन्ही ठेवलं. पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, ते जावयाचा डेटाबेस ठरवणार. ती पेटी कुणी उघडायची, ते मुलीची फाईल. आता छापखान्यात नाव-आडनाव अगदी एकच असलेले दोघे होते : तरुण मशीनमन आणि म्हातारे प्रूफरीडर काका. मुलीनं त्यांना वयाप्रमाणे पेटीचे नंबर दिले, काका एक. जावयानं नोकरीप्रमाणे दिले. काका मास्तरकी संपवून उशिरा आलेले, म्हणून मशीनमन एक.

सोमवारी बाईंनी हौसेनं दोन पत्रं धाडली. काकांना : 'तुमच्याइतकं बारीक लक्ष कुणाचंच नाही.' मशीनमनला : 'किती ती घाई! जरा दमानं घ्या.'

दुपारी मशीनची धडधड मंदावली. बाई बघायला गेल्या, तर मशीनमन एकेक कागद उजेडात धरून न्याहाळत होता.

"डाग होता, काढला," तो म्हणाला. डोळे ओले. "बाई, असं आजवर मला कुणी म्हटलं नव्हतं हो."

पत्रांची अदलाबदल झाली, हे बाईंच्या लक्षात आलं. म्हणजे दुसरं पत्र काकांना! छापायला घेतलेला अर्धा शब्दकोश अजून काकांनी तपासायचा होता आणि काका महामानी. मुलीला, जावयाला हाक मारेपर्यंत काका दारात उभे. हातात छापलेलं पत्र.

"काका, ते जरा चुकून..."

"याच्यावर सही-शिक्का मिळेल का?" काका हळूच म्हणाले. "तीस वर्षं घरची मला गोगलगाय म्हणते. भिंतीला लावतो आता!"

सही घेऊन ते एकेक पायरी गाळत जिना उतरले. संध्याकाळी आठवडाभर अडलेली प्रुफं बाईंच्या टेबलावर होती.

"आत्ताच दुरुस्त करतो," जावई कानकोंडा होऊन म्हणाला. "एकच यादी ठेवू. हिची फाईल चालेल."

"नको, तुझा डेटाबेसच बरा," मुलगी म्हणाली.

"कुणी हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या.

"पण आई, हे साफ चूक आहे!" दोघंही एकदम ओरडले.

बाईंनी चष्मा काढून दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"तीन आठवड्यांत पहिल्यांदा एका सुरात बोललात," त्या म्हणाल्या. "आता तर मुळीच नाही."